मॉडेल रेल्वेतला सिग्नलही वीज गेली की आडवा झाला पाहिजे

संपादक महोदय,

वृत्तपत्रांच्या छंदविषयक पानांवर मॉडेल रेल्वेची छायाचित्रे वरचेवर येतात. इंजिनाच्या रिव्हेटपर्यंत सगळे काटेकोर असते, पण रुळाच्या कडेचा सिग्नल मात्र कायमचा 'मोकळा', म्हणजे 'जा' सांगणारा. गाडी पुढे निघून गेली तरी मोकळा, पुढचा सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ) भलत्या बाजूला लागलेला असला तरी मोकळाच. कोणी हौसेने तो चालता केला तर बटण दाबल्यावर सिग्नलचा हात, म्हणजे खांबावरची पट्टी, हलतो, एवढ्यावरच समाधान मानले जाते. खऱ्या सिग्नलचा गाभा हलण्यात नाही. तार तुटली, वीज गेली किंवा काही अडकले तर तो आपोआप आडवा होऊन 'थांबा' दाखवतो, आणि सांधा बरोबर लागल्याशिवाय 'जा' म्हणत नाही. छोट्या प्रतिकृतीतही हे जमते. ते करू पाहणाऱ्यांसाठी हे पत्र.

हा नियम रेल्वेने महागात शिकला आहे. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन येथे बर्फाने सिग्नलचे हात 'मोकळा' स्थितीत अडकवून ठेवले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. तिथे सिग्नल एरवी मोकळे ठेवण्याची पद्धत होती. त्यानंतर 'थांबा' हीच नेहमीची स्थिती ठरली. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने तर हाताची कीलक (हात जिच्यावर फिरतो ती खीळ) खांबातल्या खाचेतून काढून बाहेर आणली, म्हणजे बर्फ साचायला जागाच राहू नये.

खऱ्या खांबावर हात परत आणण्याचे काम लोखंडी वजन करते. प्रतिकृतीत तेच वजन मापात करून लावले तर ते निरुपयोगी ठरते, आणि बहुतेकांची पहिली निराशा इथेच होते. १:७६ या प्रमाणात लांबी ७६ पट कमी होते, पण वजन ७६ च्या घनाने, म्हणजे सुमारे चार लाख चाळीस हजार पट कमी होते. खऱ्या खांबावर २० किलोचे वजन आहे असे धरले तर प्रतिकृतीत ते ग्रॅमच्या विसाव्या भागाइतकेही उरत नाही. कीलकेतले घर्षण, रंगाचा थर आणि तेलाचा चिकटपणा मात्र त्या प्रमाणात कमी होत नाहीत. म्हणून खांबावरचे वजन दिसण्यापुरते ठेवावे आणि काम करणारे खरे वजन पाटाखाली, म्हणजे रूळ बसवलेल्या फळीखाली, लपवावे.

ते कुठे लावायचे हे महत्त्वाचे आहे. हाताला जोडलेली तार खांबालगत खाली येऊन पाटाखाली जिथे संपते, अगदी तिथेच वजन हवे. मग त्यापलीकडचे काहीही तुटले, मोटर असो, दोरी असो वा विजेचा जोड, वजन तार खाली ओढणारच. तार खाली आली की हात आडवा झाला पाहिजे, हे धरून जोडणी करावी. खाली झुकून 'मोकळा' दाखवणारा हात असेल तर तार कीलकेच्या मागे, दिव्यासमोरच्या रंगीत काचांच्या बाजूला जोडावी. वर उठणारा हात असेल तर ती कीलकेच्या पुढे, हाताच्या बाजूला जोडावी. हे उलटे झाले तर वीज गेल्यावर सगळे सिग्नल एकदम मोकळे होतात.

आता मापे. चार फुटी हात १:७६ मध्ये १६ मिमी होतो, वीस फुटी खांब ८० मिमी. हातासाठी ०.२५ मिमी जाडीचा पितळी पत्रा पुरतो. कीलक ०.५ मिमी फॉस्फर ब्राँझ तारेची, आणि तिच्यासाठी खांबातून आरपार ०.५ मिमी आतल्या व्यासाची पितळी नळी. नळीशिवाय नुसत्या भोकात फिरणारी कीलक काही महिन्यांत सैल होते आणि हात पुढेमागे डोलू लागतो. ओढायची तार ०.३ मिमीची. ती कीलकेपासून २ मिमी अंतरावर जोडली तर ४५ अंश फिरण्यासाठी जेमतेम १.५ मिमी सरकावी लागते. भोके हातात धरायच्या छोट्या ड्रिलने पाडावीत. विजेच्या यंत्रावर एवढे बारीक पाते हमखास मोडते.

सोल्डर दोन वेगळ्या तापमानांना वितळणारे वापरावे. खांब, तळपट्टी आणि नळी १८८ अंशांच्या सोल्डरने जोडून घ्यावीत, मग शिडी, कठडा, दिव्याची बैठक हे बारीक भाग १४५ अंशांच्या सोल्डरने. सगळीकडे एकच सोल्डर वापरले तर शिडी बसवताना नळी सुटते. कीलक हाताला जोडताना सोल्डर वाहत जाऊन नळीतच शिरते आणि हात कायमचा जखडतो. त्यावर सोपा उपाय आहे: पातळ कागदाचा तेलात भिजवलेला तुकडा हात आणि नळी यांच्यामध्ये ठेवावा, सोल्डर त्यापलीकडे जात नाही. काम झाल्यावर कागद फाडून काढला की फिरण्यापुरती फटही आपोआप मिळते. आम्लयुक्त फ्लक्स (सोल्डर धरावे म्हणून लावायचे रसायन) त्याच दिवशी धुवावा, नाहीतर आठवडाभरात पितळावर हिरवा गंज चढतो आणि त्याच्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

रंग जोडणीआधी द्यावा. आधी पांढरा, मग पट्ट्यापुरती चिकटपट्टी, मग लाल. हाताची मागची बाजू पांढरी, तिच्यावर काळा पट्टा. कीलकेला रंग लागू देऊ नये.

हात हलवायचा कशाने? साधा सोलेनॉइड (वीज दिली की गज आत ओढणारे वेटोळे) हात फटकन मारतो आणि बारीक जोड महिन्याभरात वाकवतो. छोटा सर्व्हो, म्हणजे विजेच्या स्पंदनाच्या रुंदीनुसार ठरावीक कोनात फिरणारी मोटर, बहुतेकांना सुचतो, त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अचूकतेची. सर्व्होच्या पात्यावर ६ मिमी अंतरावरच्या भोकाला तार जोडली तर १.५ मिमी सरकण्यासाठी पाते फक्त १५ अंश फिरते, म्हणजे स्पंदनाच्या रुंदीत जेमतेम १६० मायक्रोसेकंदांचा फरक. स्वस्त सर्व्हो १० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी फरकाला दाद देत नाही, तेव्हा हात आडवा ठरवताना तीन अंशांची चूक राहते, आणि आडव्या हातातला तीन अंशांचा कल लांबूनही डोळ्यांना खुपतो. मध्ये तीनास एक प्रमाणाची दांडी घातली की पाते तिप्पट फिरते आणि चूक एका अंशावर येते. दुसरी अडचण मोठी: वीज गेल्यावर सर्व्हो आपल्या दातांच्या घर्षणाने जागच्या जागी राहतो, पाटाखालचे वजन त्याला हलवू शकत नाही. तरीही सर्व्होच वापरायचा असेल तर त्याला स्वतंत्र ५ व्होल्ट द्यावेत, सर्व्होजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, आणि सर्व्हो चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये आधी 'थांबा'ची स्थिती लिहून मगच सर्व्हो जोडण्याची आज्ञा द्यावी. हा क्रम उलटा झाला की वीज सुरू करताच प्रत्येक हात दचकतो.

आमची पसंती आकार लक्षात ठेवणाऱ्या निकेल-टायटॅनियम तारेला आहे. वीज गेली की ती सैल पडते आणि वजन आपले काम करते. खऱ्या सिग्नलचा स्वभाव तिच्यात मुळातच आहे. ०.१ मिमी जाडीची १०० मिमी तार घ्यावी. सुमारे २०० मिलिअँपिअर प्रवाहाने ती एका सेकंदात आखडते. चार टक्क्यांपर्यंत आखडते खरी, पण तीन टक्केच वापरावेत, म्हणजे ३ मिमी, तर ती लाखो वेळा चालते. पाटाखाली काटकोनी दांडी बसवावी. तिच्या उभ्या बाजूला २० मिमीवर ही तार, आडव्या बाजूला १० मिमीवर सिग्नलची तार आणि २० मिमीवर ६० ग्रॅमचे वजन. ३ मिमीचे १.५ मिमी होतात, नेमके हवे तेवढे. वजन यापेक्षा फार हलके ठेवू नये. थंड झालेल्या तारेला पुन्हा ताणायलाच साधारण तेवढा जोर लागतो. हलके वजन लावले तर हात अर्ध्यावर लटकतो, आणि अर्धवट सिग्नल हा सगळ्यात वाईट सिग्नल.

या तारेला सोल्डर करू नये. सोल्डर नीट धरत नाही आणि उष्णतेने तारेची स्मृती जाते. टोके बारीक पितळी नळीत घालून पकडीने दाबावीत. प्रवाहासाठी एलएम ३१७ हा नियामक आणि ६.२ ओहमचा रेझिस्टर घेतला की जवळपास २०० मिलिअँपिअर मिळतात. पुरवठा ९ व्होल्टचा, नियामकाला छोटा ॲल्युमिनियमचा पत्रा लावून, कारण सुमारे एक वॅट उष्णता त्यातून बाहेर पडते. थेट बॅटरी जोडून 'चालतेय ना' म्हणणाऱ्यांची तार दोन-चार दिवसांत मऊ होऊन लांबते.

हाताची हालचाल थांबवणारे अडसर पाटाखालीच, दांडीला हवेत. खांबावरच्या अडसरावर ६० ग्रॅम टेकले तर १६ मिमीचा हात वाकतो. हात तंतोतंत आडवा करण्यासाठी सिग्नलची तार एकसंध न ठेवता दोन तुकड्यांत घ्यावी आणि वायरिंगच्या कनेक्टरमधल्या पितळी नळीने, तिच्या स्क्रूने जोडावी. स्क्रू सैल करून अर्धा मिमी सरकवणे हेच बारीक समायोजन. दुरुस्तीसाठी सिग्नल उपसून काढतानाही हाच स्क्रू उपयोगी पडतो.

दिव्याविषयी थोडे सविस्तर, कारण इथे चांगल्या कारागिरांचाही हात चुकतो. जुन्या सिग्नलची 'हिरवी' काच हिरवी नव्हती, निळसर होती. मागे तेलाच्या दिव्याची पिवळी ज्योत असे आणि दोन्ही मिळून हिरवा उजेड दिसे. प्रतिकृतीत निळसर काच लावून मागे थंड पांढरा एलईडी ठेवला तर सिग्नल निळा दिसतो. पिवळट पांढरा, २७०० ते ३००० केल्व्हिनचा एलईडी घ्यावा. ०६०३ आकाराचा, म्हणजे १.६ बाय ०.८ मिमीचा एलईडी दिव्याच्या डबीत मावतो. ०.१ मिमीची इनॅमल तार एकच न्यावी आणि परतीचा मार्ग म्हणून पितळी खांब वापरावा. तेलाचा दिवा मंदच असतो, तेव्हा १२ व्होल्टवर १० किलोओहम पुरेसे आहे. १ किलोओहम लावला की सिग्नलचा सर्चलाइट होतो.

रंगीत दिव्यांच्या सिग्नलमध्ये हात नाही, पण चुका वेगळ्या. ३ मिमीचा गोल एलईडी १:७६ मध्ये २३ सेंटिमीटरचा होतो, तो ढोबळ दिसतो. भिंग सुमारे २.६ मिमीचे हवे. लाल आणि हिरव्याला एकच रेझिस्टर लावू नये. हिरवा त्याच प्रवाहात कितीतरी प्रखर दिसतो. लालला २.२ आणि हिरव्याला १० किलोओहम घेऊन सुरुवात करावी आणि मग अंधाऱ्या खोलीत नजरेने ठरवावे. डबी प्लॅस्टिकची असेल तर बाहेरचा रंग देण्याआधी ती आतून काळी करावी, नाहीतर लाल लागल्यावर हिरव्याचे भिंगही मंद तांबूस दिसते. ब्रिटिश धर्तीच्या सिग्नलात लाल सर्वांत खाली असतो, चालकाच्या नजरेच्या जवळ. रस्त्यावरच्या सिग्नलच्या सवयीने तो वर बसवला जातो, ते चूक आहे.

आता सांध्याशी नाते. सांधे आणि सिग्नल एकत्र चालवण्याचे पेटंट जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये घेतले. प्रतिकृतीत त्यासाठी संगणक लागत नाही. सिग्नल मोकळा करणारा प्रवाह एकापाठोपाठ एक अशा संपर्कांतून नेला की झाले: सांध्याचा मायक्रोस्विच, पुढचा मार्ग रिकामा असल्याचा रिले (विजेने ओढला जाणारा स्विच), समोरून येणाऱ्या गाडीसाठीच्या सिग्नलचा 'थांबा' संपर्क. यातला एक जरी उघडला तरी हात आडवा. मायक्रोस्विच सांध्याच्या खटक्याला नव्हे, त्याच्या हलत्या रुळांना जोडलेल्या पट्टीवर लावावा. खटका पूर्ण फिरूनही मधली तार निसटलेली असू शकते, आणि सिग्नलला रुळाची स्थिती कळायला हवी.

गाडी ओळखण्याबाबत एक सावधगिरी. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये बसवलेल्या बंद मंडलात (सर्किटमध्ये) रुळांतून येणाऱ्या प्रवाहाने रिले एरवी ओढलेला असतो, आणि गाडीची चाके दोन्ही रूळ जोडतात तेव्हा प्रवाह चाकांतूनच परततो, रिलेपर्यंत पोहोचत नाही. तार तुटली तरी तो 'गाडी आहे' असेच सांगतो. मॉडेल रेल्वेत गाडी ओळखणारी बहुतेक शोधक उपकरणे (डिटेक्टर) याच्या उलट असतात. ती गाडीने घेतलेला प्रवाह मोजतात, म्हणून जोड सुटला की मार्ग रिकामा समजतात. निदान शेवटचा रिले असा जोडावा की शोधक सुरू असून 'रिकामा' म्हणत असेल तेव्हाच तो ओढला जाईल. आणि प्लॅस्टिकच्या आसांचे डबे शोधकाला दिसतच नाहीत. प्रत्येक डब्याच्या, किमान शेवटच्या डब्याच्या एका आसावर १० किलोओहमचा बारीक रेझिस्टर चिकटवून दोन्ही चाकांना वाहक रंगाने जोडावा, नाहीतर इंजिन पुढे जाताच मागची अर्धी गाडी हिशेबातून गळते.

सिग्नल उभा झाला की तपासणी अशी करावी: हात मोकळा करून मुख्य वीज बंद करावी. मग वीज सुरू ठेवून पाटाखालचा प्रत्येक जोड एकेक करून सोडावा, सांधा मुद्दाम अर्धवट ठेवावा, एकटा डबा हाताने रुळावर ठेवावा. प्रत्येक वेळी हात दोन सेकंदांत आडवा झाला पाहिजे. जिथे होत नाही, तिथली जोडणी आधी बदलावी आणि मगच त्या मार्गावर गाडी सोडावी.

कळावे,
मॉडेल रेल्वेचे सिग्नल बनवणारे काही वाचक