संगणक ‘हँग’ होतो तेव्हा नेमके काय थांबते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या तंत्रविषयक सदरांतील वाचकांच्या शंका आणि त्यांना दिलेली उत्तरे मी अनेक वर्षे नियमाने वाचत आलो आहे. ‘इंटरनेट वापरताना घरचा जुना संगणक सारखा हँग होतो, काय करावे?’ हा प्रश्न त्यांत वरचेवर येतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते: तात्पुरत्या फाइली पुसा, संगणक फॉरमॅट करून घ्या, तरीही जमले नाही तर नवा घ्या. रोग कोणता हे न पाहताच येथे औषध दिले जाते, अशी माझी तक्रार आहे. यांतील पहिले दोन्ही उपाय मी स्वतः करून पाहिले आहेत.

माझा संगणक २०१३ सालचा असून त्यात ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) आणि जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. सात-आठ टॅब उघडले की माउसचा बाण अडखळू लागे, अक्षरे टंकल्यावर चार-पाच सेकंदांनी उमटत, आणि मग सारेच निपचित पडे. दुरुस्ती करणाऱ्यांनी तो फॉरमॅट करून दिला. पंधरा दिवस तो नव्यासारखा चालला आणि पुन्हा मूळपदावर आला. त्या पंधरा दिवसांचे रहस्य मला पुढे उमगले. फॉरमॅटने यंत्रात काहीच सुधारले नव्हते. संगणक सुरू होताच पार्श्वभूमीला चालू लागणारे डझनभर प्रोग्राम आणि ब्राउझरमध्ये साठलेली एक्स्टेन्शन (जोडप्रोग्राम) तेवढी निघून गेली होती. ती जसजशी परत बसत गेली, तसतसे दुखणेही परतले.

खरे निदान संगणक गोठत असतानाच करावे लागते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक पूर्ण अडकल्यावर तो उघडायलाही मिनिटभर लागते, म्हणून ब्राउझर सुरू करण्यापूर्वीच तो उघडून ठेवावा आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क या तीन रकान्यांवर लक्ष ठेवावे. माझ्याकडे मेमरी ९० टक्क्यांच्या वर गेली की लगेच डिस्कचा आकडा १०० वर जाऊन चिकटत असे, आणि प्रोसेसर मात्र बहुतांशी रिकामा बसलेला असे. म्हणजे संगणकाचा ‘मेंदू’ मुळीच दमलेला नव्हता. तो कशाची तरी वाट पाहत होता.

ही वाट कसली, हे समजले की निम्मा प्रश्न सुटतो. एखाद्या कारकुनाचे मेज लहान असावे आणि मेजावर न मावणारा प्रत्येक कागद त्याला तळघरातील दप्तरखान्यात ठेवून यावा लागावा, तशी ही स्थिती असते. मेज म्हणजे रॅम आणि दप्तरखाना म्हणजे हार्ड डिस्क. रॅम भरली की विंडोज त्या वेळी न लागणारा मजकूर डिस्कवरील पेजफाइलमध्ये हलवते आणि त्या टॅबवर आपण परतलो की तो पुन्हा उचलून आणते. रॅममधून माहिती मिळण्यास साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला मात्र एका फेरीलाच ८ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि वाचणारा काटा योग्य जागी नेण्याचा वेळ निराळा. हा फरक सुमारे एक लाख पटींचा आहे. असे हेलपाटे शेकड्यांनी घालावे लागले की पडद्यावर काहीच हलेनासे होते, आणि आपण अधीर होऊन आणखी दहा वेळा क्लिक करून त्या कारकुनाच्या मागे आणखी दहा कामे लावतो.

‘पूर्वी याच संगणकावर हेच सारे सुरळीत चालत होते’ ही तक्रारही खोटी नसते, परंतु ‘हेच सारे’ आता तेच राहिलेले नाही. क्रोम ब्राउझरने २००८ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीपासूनच टॅबना वेगवेगळ्या प्रक्रियांत वाटून दिले. त्यामुळे एक टॅब कोसळला तरी बाकीचे तगतात, मात्र त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. प्रोसेसरमधील स्पेक्टर ही त्रुटी २०१८च्या आरंभी उघडकीस आल्यावर सुरक्षेसाठी निरनिराळ्या संकेतस्थळांचा मजकूर आणखी कडेकोट वेगळा ठेवला जाऊ लागला, आणि क्रोमचा मेमरीवापर त्यामुळे दहा टक्क्यांहून थोडा अधिक वाढला. संकेतस्थळांची पानेही जाहिराती, आपोआप चालणारी चित्रफीत आणि मागोवा घेणाऱ्या स्क्रिप्टांनी जड झाली आहेत. यंत्र तेच राहिले आणि त्यावरचे ओझे वर्षागणिक वाढले.

खर्च न करता होण्याजोग्या गोष्टी आधी कराव्यात. नको असलेली एक्स्टेन्शन काढावीत, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागातून आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत, आणि न वापरलेले टॅब निजवणारी मेमरी सेव्हरसारखी सोय ब्राउझरमध्ये असल्यास ती चालू करावी. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी अडवून बसला आहे ते दिसते. माझ्याकडे एका बातमीच्या पानाने बाकी सर्व टॅबच्या एकत्रित वापराहून अधिक जागा बळकावलेली पाहून मी थक्क झालो होतो. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालू नसल्याची खात्री करावी, कारण दोघेही प्रत्येक फाइल तपासत बसतात. ‘रॅम वाढवून देणारे’ मोफत प्रोग्राम तर मुळीच घेऊ नयेत. ते मेजावरचे कागद उगाच दप्तरखान्यात धाडतात आणि मेज रिकामे झाल्याचा आकडा दाखवतात.

त्यानंतर यंत्राकडे वळावे. मी रॅम ८ जीबी केली आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपांवर माहिती साठवणारी डिस्क) बसवली. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने कोणतीही माहिती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहूनही लवकर हाती येते, त्यामुळे रॅम अपुरी पडली तरी संगणक गोठण्याऐवजी किंचित मंदावतो. रॅम घेताना मात्र मदरबोर्डला (संगणकाच्या मुख्य पाटीला) डीडीआर३ लागते की डीडीआर४, म्हणजे रॅमची कोणती पिढी, हे पाहावे लागते, कारण दोन्हींच्या पट्टीवरील खाच वेगळ्या जागी असते. शिवाय विंडोजची ३२ बिटची घरगुती आवृत्ती असेल, तर ४ जीबीपलीकडची रॅम तिला वापरताच येत नाही.

एवढे करूनही माझा एक त्रास उरला होता: चित्रफीत पाहताना दहा-पंधरा मिनिटांनी संगणक थबकत असे. यूट्यूब आता बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतींनी आकसलेली चित्रफीत पाठवते. २०१३च्या सुमाराच्या ग्राफिक्स चिपला जुनी एच.२६४ पद्धत उलगडता येते, या नव्या येत नाहीत, आणि सारा भार प्रोसेसरवर पडतो. प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग घटवतो. कॅबिनेट उघडून पाहिले, तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये धुळीचा चक्क नमदा बसला होता. संगणक बंद करून व वीजजोडणी काढून, पंखा बोटाने धरून ठेवून धूळ काढली, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर व हीटसिंक यांमधला उष्णतावाहक लेप) बदलली आणि चित्रफितीची प्रत ७२०पी केली. त्यानंतर तो प्रकार थांबला. क्षणभर पडदा काळा होऊन पुन्हा येत असेल, तर मात्र संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या प्रोग्रामवर) घ्यावा आणि ब्राउझरच्या सेटिंगमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्राचे काम त्या चिपवर सोपवणारी सोय) बंद करून पाहावे.

आणखी एक साधी परीक्षा या सदरांत कधीच वाचायला मिळत नाही. सर्व काही थांबल्यावर कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक जिवंत आहे आणि तो कशात तरी गुंतला आहे. तो दिवा बराच वेळ ढिम्म राहिला, तर बिघाड बहुधा खालच्या थरात असतो: सदोष रॅम, तापणे, ड्रायव्हर किंवा थकलेला पॉवर सप्लाय. केवळ इंटरनेट मंद असेल, तर पान उघडत नाही, पण बाण मोकळा फिरतो आणि बाकीचे प्रोग्राम चालू राहतात; तेवढ्यासाठी संगणकाला दोष देण्याचे कारण नाही.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा डिस्कची प्रकृती तपासणारा प्रोग्राम वाचता न येणारे सेक्टर (डिस्कवरील कप्पे) साठल्याचे दाखवत असेल, तर बाकी सर्व उपाय बाजूला ठेवावेत. खराब झालेला भाग डिस्क पुन्हापुन्हा वाचू पाहते आणि तोवर सारा संगणक तिष्ठत राहतो. हा प्रकार बाहेरून अगदी रॅम कमी पडल्यासारखाच दिसतो. अशा वेळी आधी छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. दुरुस्तीचे प्रोग्राम आधी चालवल्यास मरणासन्न डिस्कला तोच शेवटचा धक्का ठरू शकतो.

‘नवा घ्या’ हा सल्ला प्रत्येक वेळी चुकीचा असतो, असे मला म्हणायचे नाही. विंडोज ७चा आधार (सुरक्षेच्या सुधारणा मिळत राहणे) १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती. माझ्यासारख्या जुन्या संगणकावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, कारण तिला टीपीएम २.० (सुरक्षेची खास चिप) आणि बऱ्याच नंतरचा प्रोसेसर लागतो. सुरक्षेची अद्ययावत सोय नसलेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे मला धोक्याचे वाटते, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसवली आहे. परंतु सुरक्षेचा हा प्रश्न वेगळा आणि गोठण्याचा वेगळा. एकाचे कारण दाखवून दुसऱ्याचे उत्तर देणे योग्य नव्हे.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, अशा शंकेला उत्तर देण्यापूर्वी सदरलेखकांनी वाचकाकडून चार गोष्टी मागवाव्यात: रॅम किती आहे, डिस्क फिरत्या तबकडीची आहे की एसएसडी, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती आहे, आणि संगणक गोठला त्या क्षणी टास्क मॅनेजरमधील कोणता रकाना टोकाला गेला होता. पहिल्या तिन्हींची उत्तरे त्याच टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात आणि सेटिंगमधील ‘अबाउट’ या पानावर दोन मिनिटांत सापडतात.

आपला,
एक नियमित वाचक