चुका पेरून दिल्याबद्दल: ताईंना खुलं आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

कार्यालयीन कामकाजाच्या वर्गासाठी तुम्ही चाळीस सरावकागदांचा गठ्ठा करून दिलात आणि प्रत्येक कागदात चुका पेरून दिल्यात. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्या चुकांसाठी. पत्र खुलं लिहितो आहोत, कारण हाच विषय शिकवणाऱ्या इतरांनाही यातलं थोडंफार उपयोगी पडेल.

अभ्यासक्रम नवा करायचा म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरचं प्रकरण काढून नव्याचं घालायचं, अशी आमची समजूत होती. तुम्ही जुनी अनुक्रमणिका वाचून एकच प्रश्न विचारलात: हे बटण दोन वर्षांनी इथंच असणार का? मेनू हलतो, चिन्हं बदलतात. पण पत्र भलत्याच माणसाला जाणं, तारीख उलटी होणं, आकड्यातलं शून्य गळणं हे टाइपरायटरच्या काळीही होत होतं आणि आजही होतं. म्हणून आता प्रकरणं सॉफ्टवेअरच्या नावांनी लावलेली नाहीत. ती बाहेर जाणाऱ्या कागदावरून लावली आहेत: पत्र, स्मरणपत्र, इतिवृत्त, यादी, दौऱ्याचा कार्यक्रम.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो साठ पत्रांच्या मेल मर्जच्या, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावं-आकडे आपोआप भरून घेण्याच्या सरावाचा. मुलांना मेल मर्ज ‘येतं’. पायऱ्या पाठ असतात. तुमची यादी हाती आली की मात्र गाडी अडते. कोड ००७४ असा लिहायला जावा आणि एक्सेलने तो ७४ करून टाकावा. सोळा अंकी खाते क्रमांक टाइप करावा आणि शेवटचा अंक शून्य व्हावा, कारण एक्सेल संख्येचे पंधराच अंक धरून ठेवतं. यात फसवं असं की नंतर रकान्याचा प्रकार बदलून गेलेला अंक परत येत नाही. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मग टाइप करायचं. हा क्रम तुम्ही कागदाच्या डोक्यावरच लिहून दिला होतात.

तारखेचं दुखणं त्याहून चिवट. यादीत ५ मार्च बरोबर दिसते आणि पत्रात महिना आधी, दिवस नंतर छापला जातो, म्हणजे वाचणाऱ्याच्या लेखी ती ३ मे होते. यादीतलं मूल्य तेवढं वर्डकडे जातं, त्याचं रूप मागेच राहतं. म्हणून ऑल्ट आणि एफ९ दाबून फील्डचा, म्हणजे यादीतला मजकूर जिथं भरला जातो त्या जागेचा, कोड उघडायचा आणि तारखेचं रूप तिथं लिहायचं. त्यातही महिन्यासाठी कॅपिटल एम. लहान एम टाकला तर वर्ड मिनिटं छापतं. ही चूक वर्गात दर वेळी कुणीतरी करतंच, आणि करू द्यावी असं आता आमचं मत झालं आहे. पत्रावर महिन्याच्या जागी ०० छापलेलं एकदा पाहिलं की ती गोष्ट जन्मात विसरत नाही.

छापण्याआधीच्या तपासणीचा तुमचा नेमही आम्ही जसाच्या तसा ठेवला आहे. सगळी पत्रं आधी नव्या फाइलमध्ये काढायची, थेट प्रिंटरवर सोडायची नाहीत. मग चार पत्रं नीट वाचायची: पहिलं, शेवटचं, सर्वांत लांब नावाचं आणि ज्याच्या यादीत एखादा रकाना रिकामा आहे ते. शेवटी पत्रांची संख्या यादीतल्या ओळींशी ताडायची. साठच्या जागी त्रेसष्ट निघाली तर यादीच्या तळाशी कुणीतरी रिकाम्या ओळीत स्पेस मारून ठेवलेली असते.

टंकलेखन वगळू नका, हा तुमचा आग्रह सुरुवातीला आम्हाला जुना वाटला होता. आवाजावरून लिहिणारी साधनं आली, मग एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांनी शोधण्यात आठवडे का घालवायचे? पण बोलून लिहिलेला मजकूर दुरुस्त करायला बोटंच लागतात. नावं चुकतात, विरामचिन्हं गळतात, आकडे अक्षरांत येतात, आणि पाहून पाहून एका बोटाने दुरुस्ती करणाऱ्याला सबंध पत्र टाइप करण्याइतकाच वेळ लागतो. वेग मोजतानाचा गोंधळही तुम्ही सोडवलात. पाच टिचक्यांचा एक शब्द धरायचा. पाच मिनिटांत हजार टिचक्या झाल्या तर वेग मिनिटाला चाळीस. देवनागरीत डोळ्यांना दिसणारे शब्द मोजले तर हिशेब फसतो, कारण ‘ल्य’ सारख्या एका जोडाक्षराला तीन टिचक्या लागतात.

इनस्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकाची, तुमची दोन पानं तर भिंतीवर लावली आहेत. टाइपरायटरच्या वळणावर बसलेला हात ऱ्हस्व वेलांटी आधी मारतो, कारण ती कागदावर आधी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आधी व्यंजन, मग वेलांटी. उलट केलं की वेलांटी ठिपक्यांच्या गोलाला लटकते. आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द! कार्यालयीन मराठीत तो पानोपानी येतो आणि निम्म्या वेळा दिसायला सारखाच पण आतून वेगळ्या अक्षरांचा ‘दुसर्‍या’ नाही तर चक्क रफार देऊन ‘दुसर्या’ असा उमटतो. शिफ्ट धरून जे, म्हणजे ऱ, मग डी वरचा हलन्त, मग य. तीनच कळा, पण कुणी दाखवल्याशिवाय सापडत नाहीत. जुन्या फॉन्टमधली पत्रं युनिकोडमध्ये का आणायची हेही त्याच पानावर दोन ओळींत आहे: त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सगळी भेळ होते आणि नाव शोधायला गेलं तर ते सापडत नाही.

ईमेलबद्दल थोडक्यात. आधी जोडपत्र लावायचं, मग मजकूर, पत्ता सगळ्यात शेवटी; अर्धवट पत्र चुकून सुटत नाही. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते आणि ‘अंतिम’, ‘अंतिम२’, ‘खरंच अंतिम’ ही वंशावळ थांबते. स्पेसबार दाबून दाबून उजवीकडे ढकललेली तारीख आता वर्गात कुणी लिहीत नाही. जवळजवळ कुणीच नाही.

इतिवृत्ताचा सराव मात्र वेगळ्या जातीचा होता. एका बैठकीचं यंत्राने उतरवलेलं संभाषण, आणि शेजारी यंत्रानेच काढलेला सारांश. सारांश गुळगुळीत, शुद्ध, वाचताक्षणी पटणारा. संभाषणात कुणीतरी म्हणतं, “पुढच्या महिन्यात बघू.” सारांशात येतं, “पुढील महिन्यात कार्यवाही करण्याचे ठरले.” मराठीत ‘बघू’ म्हणजे बहुधा नाही, हे कळायला बैठकीतला सूर कानावर असावा लागतो. तुमच्या सूचनेप्रमाणे मुलं सारांशाच्या प्रत्येक वाक्यासमोर खूण करतात: निर्णय, मत की लांबणीवर. निर्णय म्हटलं तर कोण, काय आणि कधीपर्यंत या तिन्हींची उत्तरं मूळ संभाषणात बोट ठेवून दाखवायची. त्यातलं एक जरी मिळालं नाही तरी तो निर्णय नव्हे, आणि सभाध्यक्षांना विचारल्याशिवाय इतिवृत्तात जायचा नाही. बोलणाऱ्यांची अदलाबदलही याच सरावात पकडली जाते. दोघं एकदम बोलले की यंत्र एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालतं.

मसुदा करून देणाऱ्या साधनांसाठीही तुम्ही हीच शिस्त लावलीत. नावं, तारखा, रकमा आणि संदर्भ क्रमांक मसुद्यातून उचलायचे नाहीत, मूळ कागदावरूनच भरायचे. कुणाचं खासगी पत्र किंवा पगाराचा तपशील परवानगीशिवाय अशा साधनात चिकटवायचा नाही.

लघुलेखनावर तुमचं-आमचं अजून जमलेलं नाही. पिटमन यांची पद्धत १८३७ ची, ती आजही चालते, हे कबूल. पण मिनिटाला शंभर शब्दांपर्यंत पोचायला जे महिने जातात ते या वर्गाकडे नाहीत. आम्ही संक्षिप्त टिपणं घेण्यावर थांबलो आहोत: ठरलेले तीसेक संक्षेप, पानाच्या डाव्या बाजूला समास, आणि बैठक संपल्यावर त्याच दिवशी स्वच्छ प्रत. तुम्ही यावर रागवाल, हे गृहीत धरलं आहे.

तुमच्या कागदांच्या धर्तीवर इतिवृत्ताचा एक नवा संच आम्ही केला आहे. तो सोबत जोडला आहे. त्यात अकरा चुका पेरल्या आहेत. बारावी सापडली तर ती आमची स्वतःची समजावी आणि कळवावी.

आपले नम्र,
कार्यालयीन कामकाज वर्गाचे शिक्षक

सोबत: सरावसंच, एक प्रत