ट्रॉलीतला कांदा आणि टेंडरमधला फायरवॉल

माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयाचं नेटवर्क सांभाळतो. तक्रार नेटवर्कच्या उपकरणांच्या खरेदीबद्दल आहे, आणि महाविद्यालयं आपल्या खात्याखाली येतात म्हणून आपल्यालाच लिहितोय.

राष्ट्रीय ज्ञान जाल, म्हणजे आम्ही ज्याला एनकेएन म्हणतो ते, केंद्राने मार्च 2010 मध्ये मंजूर केलं. तरतूद 5,990 कोटींची. देशातल्या संशोधन संस्था आणि विद्यापीठं एकमेकांना वेगवान फायबरने जोडायची, ही कल्पना. आमच्यासारख्यांना त्याचं मोल सांगावं लागत नाही. द्राक्षबागांवरून ड्रोनने काढलेल्या फोटोंचा एक टेराबाइटचा संच 100 एमबीपीएसवर (सेकंदाला 100 मेगाबिट) पाठवायला 22 तास लागतात. एक जीबीपीएसवर, म्हणजे दहापट वेगाने, सव्वादोन. तेही कागदावरचं गणित. प्रत्यक्षात आमच्या विद्यार्थ्याने हार्ड डिस्क बॅगेत घातली आणि पुण्याची बस पकडली.

कारण या जाळ्याची फायबर आली, पण ती लावायला जागाच नव्हती. टेंडरमध्ये लिहिलं होतं, 'राउटर, एक जीबीपीएस, नग एक'. एवढंच. सर्वांत कमी दराचा, म्हणजे एल-वन, डबा आला. त्याचे सगळे पोर्ट तांब्याच्या केबलचे. फायबर ज्यात खोचतात ते मॉड्यूल बसवायला एकही खाच नाही. लाइन जोडायला आलेला मुलगा डबा मागून-पुढून फिरवून म्हणाला, "सर, यात घुसवू कुठे?" शेवटी मधे फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणारा दीड हजारांचा मीडिया कन्व्हर्टर लावला. त्याचा अडॅप्टर उन्हाळ्यात तापला की अख्खं कॉलेज बंद. मी त्याच्यावर टेबल फॅन लावलाय. साहेब, विनोद नाही.

फायरवॉल, म्हणजे येणारी-जाणारी माहिती तपासणारा पहारेकरी डबा, त्याची गंमत वेगळी. माहितीपत्रकावर छापलेला वेग बहुधा मोठ्या पॅकेटचा (म्हणजे डेटा मोठ्या तुकड्यांत पाठवतानाचा) आणि तपासणी बंद असतानाचा असतो. व्हायरस, घुसखोरी, एन्क्रिप्टेड ट्रॅफिक, सगळी तपासणी चालू केली की तोच डबा त्या वेगाच्या एखाद्या हिश्श्यावर येतो. मग काय होतं? लाइनचा पूर्ण वेग मिळत नाही म्हणून कुणीतरी तपासणीच बंद करून टाकतं. शिवाय नव्या धोक्यांची माहिती डब्याला मिळत राहावी म्हणून लायसन्स दरवर्षी भरायचं असतं. दरपत्रकात पहिल्याच वर्षाचं धरलेलं, दुसऱ्या वर्षी त्या खर्चाला लेखाशीर्षच सापडत नाही, आणि डबा जुन्या माहितीवर पहारा देत बसतो.

लासलगावात व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन, दाबून पाहिल्याशिवाय बोली लावत नाही. आम्ही मात्र लाखोंचं यंत्र फोटो बघून घेतो आणि पैसे देऊन झाल्यावर खोका उघडतो.

माझं मागणं लांबलचक नाही. संशोधन जाळ्याला जोडायची उपकरणं घेताना सगळी तपासणी चालू ठेवून मिळणारा वेगच टेंडरमध्ये लिहायला लावा, आणि तो आमच्याच लाइनवर दाखवल्याशिवाय बिल निघू नये. दराची तुलना पाच वर्षांच्या लायसन्ससकट व्हावी. फायबरचे पोर्ट किती, मॉड्यूल सिंगल-मोडचं (लांब पल्ल्याच्या फायबरचं) का, आयपीव्ही6 ही इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत चालते का, हे त्या संस्थेत रोज केबल ओढणाऱ्या माणसाला विचारून लिहावं. आमच्याकडे ते लिहिलं भांडार विभागाने, प्रिंटरच्या टेंडरवरून. त्यांचा दोष नाही, त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. आणि जास्तीचं एक मॉड्यूल कपाटात असू द्या. सिंहस्थासाठी शहरभर खोदकाम चाललंय. जेसीबीने फायबर तोडली की बिघाड रस्त्यात आहे की आमच्या डब्यात, हे शोधताना मॉड्यूल बदलून पाहता येतं.

आमचं पुढचं टेंडर लवकरच निघतंय. मसुदा माझ्यासमोर आहे. पहिली ओळ: 'राउटर, एक जीबीपीएस, नग एक'.

आपला,
नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या संगणक विभागातला कर्मचारी