भंगारातली वाद्यं आधी ऐका, मग फोटो काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या वाद्यांच्या प्रदर्शनावर अख्खं पान आलं होतं. फोटो झकास होते. पान मी दोनदा वाचलं, पण ही वाद्यं वाजतात कशी याबद्दल एक ओळही सापडली नाही. रंग कोणते, डबे कसले, पर्यावरणाला हातभार किती, हे सगळं होतं. पहिल्या फोटोतल्या पत्र्याच्या गिटारीच्या खुंट्या म्हणजे बाटल्यांची झाकणं होती आणि ती डिंकानं चिकटवलेली स्पष्ट दिसत होती. जी खुंटी फिरत नाही तिनं तार लावायची कशी? टाकाऊ वस्तूंचा मोर केला तर तो नाचला नाही म्हणून कुणी तक्रार करणार नाही. वाद्याला मात्र वाजावंच लागतं.

मी पेटी दुरुस्त करते. सासऱ्यांचं काम होतं. नवऱ्याला त्यात रस नव्हता, मला होता. भाता शिवणं, पट्ट्या बदलणं हे हातानं होतं, पण खरं काम कानाचं. पेटीत सूर देणारी पातळ पितळी जीभ म्हणजे रीड; तिचं मोकळं टोक किंचित घासलं की सूर चढतो, रिव्हेटजवळ मुळाशी घासलं की उतरतो. या एवढ्याशा गोष्टीवर आमचं घर चाललं. त्यामुळे शाळा-कॉलेजांतून 'भंगारातून वाद्य' स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावणं आलं की मी कानस आणि सूर दाखवणारं ॲप घेऊनच जाते. तिथे जे पाहते त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

आधी आपल्या पानावरची एक चूक सांगते, कारण मुलं ती वाचून घरी करून बघणार. बाटल्यांच्या जलतरंगाखाली लिहिलं होतं की बाटलीत पाणी जितकं जास्त तितका सूर उंच. हे बाटलीत फुंकलं तर खरं. फुंकताना आतली हवा थरथरते. पाणी वाढलं की हवेला जागा कमी उरते आणि सूर चढतो. फोटोतली मुलगी मात्र बाटल्यांवर काठीनं वाजवत होती. तेव्हा थरथरते ती काच. पाणी घातलं की काचेला ते जड ओझं सोबत हलवावं लागतं आणि सूर उतरतो. जलतरंगाच्या वाट्यांचंही असंच, पाणी घालून सूर खाली आणतात. एकाच बाटलीचे दोन उलटे नियम! मुलांना यापेक्षा चांगला खेळ कुठे मिळणार, आणि आपण त्यांना अर्धाच दिला.

असाच गोंधळ नळ्या आणि पट्ट्यांचा. प्लंबिंगच्या उरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या फुंकून किंवा तोंडावर चपलेनं थापटून वाजवतात. नळीत सूर लांबीच्या व्यस्त प्रमाणात चालतो. ६० सेंटिमीटरला षड्ज धरला तर पंचम ४० ला आणि तार षड्ज ३० ला. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना हेच माप लावून कापलं की सगळं बिघडतं. पट्टी वाकून थरथरते, तिचा सूर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. जाडी सारखी असेल तर ६० सेंटिमीटरच्या पट्टीचा पंचम येतो ४९ वर आणि तार षड्ज साडेबेचाळीसच्या जवळपास. जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत कुणीतरी बासरीचं गणित पट्ट्यांवर चालवलेलं असतं आणि मग 'आमचं वाद्य वेस्टर्न आहे' असं सांगतं. (हे मी ऐकलेलं वाक्य आहे, रचलेलं नाही.)

कापताना थोडं लांबच कापावं. नळीच्या उघड्या तोंडापाशी हवेचा खांब तोंडाच्या जरा बाहेरपर्यंत जातो, त्यामुळे सूर गणितापेक्षा किंचित खालचा लागतो. शेवटची दोन-चार मिलिमीटर कानानं ठरवायची. पट्टीचं टोक घासलं की सूर चढतो. फार चढलाच तर पट्टी उलटी करून मधल्या भागातून थोडं धातू काढा, तो उतरतो. जिथे पट्टी जास्त वाकते तिथे पातळ केली की ती मऊ होते, आणि जिथे नुसती हलते तिथे घासली की हलकी होते. पेटीच्या रीडचं तंत्र हेच. पहिल्यांदा एका मुलाच्या पट्टीला खालून कानस लावली तेव्हा आपलंच काम मोठं करून दाखवल्यासारखं वाटलं.

पट्टी टेकवायची कुठे, हाही प्रश्न आहे. फळीवर दोन्ही टोकांना खिळे ठोकून बसवली की 'ठक्' असा आवाज येतो आणि संपतो. टोकं मोकळीच हवीत. दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२.४ टक्क्यांवर दोन जागा अशा असतात की तिथे पट्टी हलतच नाही. ६० सेंटिमीटरच्या पट्टीत ही जागा टोकापासून साधारण साडेतेरा सेंटिमीटरवर येते. मोजायचा कंटाळा असेल तर पट्टी स्पंजाच्या दोन तुकड्यांवर ठेवा, वर चिमूटभर मीठ भुरभुरा आणि मधोमध हलके ठोके द्या. मीठ सरकत सरकत दोन रेषांत गोळा होतं. त्या रेषांखाली दोरी किंवा रबर द्यायचं. मिठाच्या रेषा उमटतात तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. ठोकायला लोखंडी चमचा नको, काडीला खोचलेला रबरी चेंडू घ्या. पट्टीतून मूळ स्वरासोबतच निघणारा वरचा स्वर कंपनांच्या हिशेबात मूळ स्वराच्या २.७६ पट असतो, तो कुठल्याच सप्तकात नीट बसत नाही, आणि कडक काठीनं तोच आधी कानात घुसतो.

आता रंगाबद्दल. एका शाळेत मुलांनी सायकलच्या दुकानातून मिळालेल्या पट्ट्यांचं वाद्य केलं होतं. सकाळी मी ऐकलं तेव्हा सात स्वर स्वच्छ होते, निषाद तेवढा जरा चढा. दुपारी पाहुणे येणार म्हणून शिक्षकांनी त्यावर ऑइल पेंटचे दोन जाड हात दिले आणि वर चमचमत्या टिकल्या चिकटवल्या. रंगाच्या वजनानं सूर उतरले आणि नाद गेला. बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं याचं दुःख नाही, पण त्या मुलांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपलंच काहीतरी चुकलं.

भंगाराच्या वाद्याकडून सुराची काय अपेक्षा ठेवायची, असं आयोजक म्हणतात. जगात ज्यांनी हे काम मनावर घेतलं त्यांनी सुराबाबत कधी सवलत मागितली नाही. पॅराग्वेची राजधानी असुन्सिओन, तिथल्या कातेउरा या कचरा डेपोलगतच्या वस्तीतल्या मुलांचा वाद्यवृंद प्रसिद्ध आहे. कचरा प्रकल्पावर काम करणारे फाविओ चावेझ मुलांना संगीत शिकवायला लागले. वाद्यं पुरेनात, तेव्हा कचरा वेचणारे निकोलास गोमेझ यांनी डबे, लाकडाचे तुकडे आणि काटे-चमचे वापरून व्हायोलिन केली. तेलाच्या पिंपाच्या चेलोवर जर्मन संगीतकार बाख याच्या रचना वाजतात. त्या वाजतात कारण दांडी सरळ आहे, तारेची लांबी बरोबर आहे आणि खुंटी फिरते. बाकी शरीर कशाचंही असो.

त्रिनिदादचं स्टीलपॅन घ्या. वसाहतीच्या सरकारनं ढोलांवर बंधनं आणली, लोक बांबू आपटून ताल धरू लागले, मग बिस्किटांचे डबे आणि कचरापेट्यांची झाकणं आली, आणि १९४० च्या दशकात ५५ गॅलनचं तेलाचं पिंप. पिंपाचा तळ घणानं ठोकून वाटीसारखा खोल करतात, स्वरांच्या जागा आखतात, भाजतात आणि लहान हातोडीनं एकेक जागा सुरात आणतात. एका जागेत मूळ स्वर, त्याचं वरचं सप्तक आणि बऱ्याचदा त्याच्याही वरचा पंचम असं सगळं बसवलेलं असतं. हातोडीचा एक ठोका इकडे पडला तर शेजारचा स्वर हलतो. १९५१ मध्ये त्रिनिदादचा चमू लंडनच्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'मध्ये वाजवायला गेला तेव्हा लोकांना विश्वास बसेना की हे पिंप आहे. माझ्या लेखी हातोडीनं सूर लावणारी ही माणसं पेटीवाल्यांपेक्षा दहा पायऱ्या वर आहेत.

याचा अर्थ सगळं सारेगमातच बसलं पाहिजे असा नाही. माझा भाचा ध्वनिकला करतो आणि त्याच्याशी माझं यावरून वाजतही असतं. तो गजर वाजवणाऱ्या जुन्या घड्याळातली पातळ पितळी पिझो चकती (थरथर टिपून तिचा विजेचा संकेत करणारी) काढतो, तिला दोन वायरी झाळतो (झटपट, नाहीतर उष्णतेनं वरचा पांढरा थर खराब होतो) आणि ती ॲम्प्लिफायरला जोडून सायकलच्या चाकावर, गंजलेल्या स्प्रिंगवर, फाटक्या पंख्याच्या जाळीवर चिकटवतो. हवेतून जे ऐकूच येत नाही ते धातूच्या पोटातून ऐकू येतं. वायरीही नको असतील तर फ्रिजमधली तारेची जाळी दोन दोऱ्यांना बांधा, दोऱ्यांची टोकं बोटांवर गुंडाळून बोटं कानात घाला आणि कुणाला तरी जाळीवर चमचा मारायला सांगा. देवळाच्या घंटेएवढा घनगंभीर नाद येतो आणि शेजारी उभ्या माणसाला फक्त 'टिंग'.

यात सूर नाही, पण निवड आहे. इटलीच्या लुइजी रुस्सोलोनं १९१३ साली गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला आणि हॅंडल फिरवून कुरकुरणाऱ्या, गडगडणाऱ्या पेट्या केल्या, तेव्हा त्या गडगडाटाची उंची कमीजास्त करायला दांडीही बसवली. फ्रान्सच्या पिएर शेफेरनं १९४८ मध्ये रेल्वेचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांची रचना केली, तीही आवाज कापून-जोडून, निवडून. अमेरिकन संगीतकार हॅरी पार्चनं कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या रेडिएशन प्रयोगशाळेतून मोठ्या काचेच्या बरण्यांचे कापलेले भाग आणून टांगले, पण ते त्याच्या सप्तकाच्या त्रेचाळीस स्वरांच्या हिशेबात ऐकून. भाचा एका गंजक्या कडीचा आवाज मिळवायला अख्खी दुपार घालवतो. मला तो आवाज आवडत नाही, तरी त्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. डब्यात खडे घालून 'ही ध्वनिकला' म्हणणाऱ्याला नाही देणार.

एक गोष्ट आपल्या पानावर हवीच होती. रिकामं दिसणारं रंगाचं, थिनरचं किंवा पेट्रोलचं बंद पिंप कापू नये, तापवू नये. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि पीव्हीसीची नळी ज्योतीवर धरू नये, धूर विषारी असतो. ट्यूबलाइटच्या नळ्या वाद्याला नकोतच, त्यात पारा असतो. खेळण्यातलं सर्किट उघडून आवाज बदलायचे असतील तर फक्त बॅटरीवरचं खेळणं घ्यावं, प्लगवरचं कधीच नाही. डब्याच्या कापलेल्या कडा आत वळवून ठोकाव्यात. प्रदर्शनात मी दोन मुलांच्या बोटांना मलमपट्ट्या बांधलेल्या पाहिल्या आणि फोटोत त्या कौतुकानं टिपलेल्या होत्या.

तेव्हा आपल्याकडे मागणं असं. पुढच्या वेळी फोटोखाली एक क्यूआर कोड छापा आणि त्यावर वाद्याचा अर्ध्या मिनिटाचा आवाज ठेवा. ज्याचा आवाज ठेवण्यासारखा नाही त्याचा फोटो लहान करा. बातमीदारानं किमान विचारावं की सूर कसा लावला, तो अर्ध्या तासानं टिकतो का, तार सैल पडली तर काय करता. आयोजकांनी पहिली फेरी पडद्याआड घ्यावी: परीक्षक एका बाजूला, वाद्य दुसऱ्या बाजूला, आणि तेच तीन आवाज दोनदा सारखे काढून दाखवायचे. गोंगाटाचं वाद्य असलं तरी ही अट लागू. हवा तो आवाज हवा तेव्हा निघाला पाहिजे. तंतुवाद्य असेल तर काठी डब्याच्या आरपार गेली आहे का ते मी आत हात घालून बघते, कारण तारेचा ताण काठीनं घ्यायचा असतो, पत्र्यानं घेतला की डबा आठवडाभरात चेपतो. एवढं झाल्यावर पडदा काढा, फोटो काढा, रंगही द्या. फक्त चौकटीला द्या, पट्ट्यांना नको.

आपली,
पेटी दुरुस्त करणारी एक वाचक