अँबेसेडरचा काटा हलवणाऱ्या दोघांचे आभार

इंदूरच्या सियागंजातल्या खरादवाल्या (लेथवर धातू कातणाऱ्या) काकांचे आणि त्यांच्या शेजारच्या ऑटो इलेक्ट्रिशियन दादांचे मनापासून आभार. नावं दोघांनीही सांगितली नाहीत, पैसे तर चहापुरतेच घेतले.

बाबांच्या अँबेसेडर मार्क २ चं १४८९ सीसी इंजिन अजून ठणठणीत आहे, पण पाण्याचं तापमान दाखवणारा काटा कधीच बंद पडला होता. नवा इलेक्ट्रिक गेज आणला, तर त्याचा सेंडर (पाण्यात बसून तापमान कळवणारा भाग) इंजिनाच्या हेडच्या भोकापेक्षा बारीक. काकांनी आधी आटे मोजले. आट्यांची दोन मापं असतात: १/८ एनपीटीला (अमेरिकन) इंचात २७ आटे, १/८ बीएसपीला (ब्रिटिश) २८. सुरुवातीला दोन्ही बसल्यासारखे वाटतात आणि जोर लावला की आटे कायमचे जातात. मग त्यांनी पितळेचा अडॅप्टर कातला, तोही असा की सेंडरचं टोक वाहत्या पाण्यात बुडावं. हवेच्या पोकळीत राहिलं तर काटा खोटं सांगतो, हे त्यांनी न विचारता समजावलं.

दादांनी टेफ्लॉन टेपचे वेढे मला काढायला लावले, कारण सेंडरची अर्थिंग आट्यांतूनच मिळते आणि टेप ती अडवू शकते. बसवण्याआधी सेंडर पाण्यात धरून मीटर लावला आणि पाणी उकळेपर्यंत तापवलं. पाणी तापेल तसा सेंडरचा रेझिस्टन्स उतरत गेला, त्यावरूनच काटा हलतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, हेसुद्धा त्यांनी हिशेबात धरलं! अशी माणसं आमच्या शहरात आहेत याचा मला फार अभिमान वाटतो.

भेरूघाटाच्या चढावर काटा थोडा वर गेला, उतारावर परत आला. बाबांना तुम्हा दोघांना भेटायचंय, गाडी घेऊन लवकरच येतो.