खमिरातली अनोळखी जनुकं

छत्रपती संभाजीनगर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, "कॉम्प्युटरपुढं बसून खमीर कसं कळतं?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर सांगायला गेले की आवाज तुटतो आणि आई मधेच जेवणाचं विचारते. म्हणून सविस्तर लिहिते.

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत जवळपास ६,००० जनुकं असतात. त्यांच्या डीएनएची सगळी अक्षरं १९९६ सालीच वाचून झाली. यादी आली, पण कितीतरी जनुकांपुढे कामाचा रकाना कोराच राहिला. काहींचा तर आजही कोराच आहे. अशा एकाचं नाव होतं वायईआर०४४सी. नाव कसलं, सातबाऱ्यावरचा गट नंबरच म्हणा: यीस्ट, पाचवं गुणसूत्र, उजवी भुजा, चव्वेचाळिसावी जागा, आणि शेवटचा सी म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणता ते.

तुम्ही मोंढ्यात इतकी वर्षं मुनीमकी केलीत. नवा माणूस दिसला तर तो कोणत्या अडतीवर बसतो, कापसाच्या दिवसांत येतो की तुरीच्या, एवढ्यावरून तुम्ही त्याचा धंदा ओळखायचात. माझं काम त्याच जातीचं. जनुक कामाला लागलं की पेशीत त्याच्या आरएनएच्या (जनुकावरून उतरून घेतलेल्या नकलेच्या) प्रती वाढतात, आणि त्या मोजता येतात. साखर संपू दिली, उष्णता वाढवली, औषध घातलं, एखादं जनुकच काढून टाकलं, की दर वेळी सगळ्याच जनुकांचे आकडे मिळतात. मग अनोळखी जनुक कोणाबरोबर चढतं आणि कोणाबरोबर उतरतं ते बघायचं. मायकल आयझेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशी वर्गवारी केली, तेव्हा एका कामाची जनुकं बऱ्याचदा एकाच गटात येऊन बसली. हे आकडे जगात कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. मोठी प्रयोगशाळा नसलेल्या आमच्यासारख्यांचं त्यावरच चालतं.

त्या वायईआर०४४सीचं पुढं काय झालं ते ऐका. २००० साली टिमथी ह्यूज आणि मंडळींनी ३०० वेगवेगळ्या अवस्थांतले आकडे एकत्र मांडले. हे जनुक एर्गोस्टेरॉल बनवणाऱ्या जनुकांच्या मागं-पुढं चालताना दिसलं. आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, तसं बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल, आणि यीस्ट हीही बुरशीच. त्यांनी नुसत्या अंदाजावर भागवलं नाही, ते जनुक नसलेलं यीस्ट तपासलं. एर्गोस्टेरॉलचं काम खरोखरच बिघडलेलं होतं. पुढे त्याला ईआरजी२८ असं नाव मिळालं. बाबा, तुमच्या पायाच्या चिखल्यांना डॉक्टरांनी जे क्लोट्रिमॅझोलचं मलम दिलं, ते बुरशीचं हेच एर्गोस्टेरॉल बनणं अडवतं.

मात्र सोबत दिसली म्हणजे कामही एकच, असं धरून चालत नाही. यीस्टला उष्णतेचा, मिठाचा, उपासमारीचा असा कसलाही ताण दिला, तरी सुमारे ९०० जनुकं एकदमच हलतात, काही वर, काही खाली. बाजाराच्या दिवशी सगळा गाव मोंढ्यात असतो, त्यावरून कोण कोणाचा भागीदार हे कसं ठरवणार? म्हणून मी ताणाचे प्रयोग जरा बाजूला ठेवते आणि जिथं मोजकीच जनुकं हलतात, ते प्रयोग आधी बघते. आमच्यातले काही जण कॉम्प्युटरनं दिलेली यादी तशीच पुढं करतात, मला ते पटत नाही. शिवाय काही जनुकांच्या प्रती बदलतच नाहीत, त्यांचा कारभार प्रथिन तयार झाल्यावर चालतो. ती या पद्धतीत सापडायची नाहीत.

माझ्या यादीतली वरची काही जनुकं आता आमच्याच विभागातल्या एका ताईंकडे दिली आहेत. त्या एकेक जनुक काढलेलं यीस्ट वाढवून बघतील. निकालाला वेळ लागेल, तेव्हा "झालं का" असं दर फोनला विचारू नका.

आई, मोतीबिंदूची तारीख ठरली की आधी मला कळव, शेजारच्या काकूंना नंतर. मी सुट्टी टाकून येते. आणि बाबांकडे लक्ष ठेव, खाज थांबली की ते मलम लावायचं सोडून देतात. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस लावायचंच.

तुमची,
नंदा