‘रासेयो’तली प्रथम वर्षाची मुले दिवाळीनंतर का गळतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालये सुरू झाली की राष्ट्रीय सेवा योजनेच्या (‘रासेयो’च्या) नोंदणीला प्रथम वर्षाच्या मुलामुलींची रांग लागते. दिवाळीनंतर त्यातले बरेच चेहरे दिसेनासे होतात. मग ‘हल्लीच्या मुलांना फक्त (योजनेचे वाढीव) दहा मार्क हवेत’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. आम्हाला हे निदान मान्य नाही. वर्षभराचा आराखडा आखताना नव्या मुलांचे वय, तासिका आणि एसटीची वेळ कुणी पाहिलेलीच नसते, म्हणून ती गळतात. हे काम कार्यक्रम अधिकाऱ्याचे आहे आणि तितकेच विद्यार्थी प्रतिनिधींचेही.

१९६९ साली ३७ विद्यापीठांत ४० हजार स्वयंसेवकांनिशी ही योजना सुरू झाली. शंभर स्वयंसेवकांचे एक एकक, त्याला एक कार्यक्रम अधिकारी, वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर, ही चौकट बहुतेकांना पाठ असते. पण या १२० पैकी पहिल्या वर्षाचे २० तास उद्बोधनासाठी, म्हणजे नव्या मुलांना कामाची ओळख करून देण्यासाठी, राखलेले असतात, याचा विसर पडतो. प्रत्यक्षात एक उद्घाटन, दोन पाहुणे, शाल-श्रीफळ आणि ‘युवाशक्ती’वरचे भाषण एवढ्यात हे तास बसवले जातात. त्या वीस तासांत मुलाला घमेले-फावडे पाठ न मोडता कसे वापरावे, सर्वेक्षणाला दारात उभे राहून पहिले वाक्य काय बोलावे, चक्कर आलेल्या माणसाला कसे निजवावे आणि हजेरीवहीत नोंद कशी करावी, एवढे तरी यायला हवे. दत्तक गावाची, म्हणजे एककाने कामासाठी निवडलेल्या गावाची, एक फेरीही याच तासांत व्हावी. गाव न पाहता शिबिराला नाव देणारी मुले आयत्या वेळी माघार घेतात. पालक तर हमखास नकार देतात.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता यात क्रेडिटची, म्हणजे अभ्यासक्रमात मोजल्या जाणाऱ्या श्रेयांकांची, भर पडली आहे. प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटला ६०. विषय म्हणून ‘रासेयो’ घेणारे विद्यार्थी एककाच्या मंजूर संख्येपेक्षा जास्त झाले की घोळ सुरू होतो. मुलाला वाटते की आपण स्वयंसेवक आहोत. प्रत्यक्षात त्याचे नाव नोंदणीत नसते आणि दोन वर्षांनी प्रमाणपत्राची वेळ आली की ते कळते. क्रेडिट, वाढीव गुण आणि प्रमाणपत्र या तिन्हींच्या अटी वेगवेगळ्या आहेत, हे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून सांगायला किती वेळ लागतो?

आता नेतृत्वाविषयी. शंभर जणांचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप करून त्यावर ‘उद्या सर्वांनी ८ वाजता यावे’ असे टाकणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग. दहा-दहांचे गट करावेत. प्रत्येक गटाला द्वितीय वर्षाचा एक गटप्रमुख आणि प्रथम वर्षाचा एक उपप्रमुख असावा. गट मैत्रीवर किंवा शाखेवर न पाडता राहण्याच्या ठिकाणावर पाडावेत: एकाच रस्त्याच्या एसटीने किंवा एकाच लोकल मार्गाने येणारी मुले एका गटात. उपक्रम लांबला तरी मुली सोबतीने घरी जातात आणि कोण कुठवर पोचले हे गटाला ठाऊक असते. एखादा सलग दोन उपक्रमांना आला नाही की गटप्रमुखाने मेसेज न टाकता फोन करावा. कारण बहुधा साधेच निघते: दुपारनंतरची नोकरी, पासाची मुदत, किंवा ‘तिथे माझ्याशी कुणी बोलतच नाही’. पहिल्या दोन कारणांवर वेळ बदलणे हा उपाय आहे. दुपारी चारनंतर सुरू होणारा प्रत्येक उपक्रम गावाकडच्या मुलांना आपोआप वगळतो. शनिवारी सकाळी साडेसात ते साडेदहा ही वेळ त्यातल्या त्यात बरी.

तासांची नोंद त्याच दिवशी, जागेवरच व्हावी. सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, काम आणि सही असे चार रकाने पुरतात. प्रवास आणि पाहुण्यांची वाट पाहणे यात धरू नये. फेब्रुवारीत एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या डायऱ्या तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतात. आणि अशा डायऱ्या भरायला सांगून आपण नव्या मुलाला सेवेच्या नावाखाली नेमके काय शिकवतो, हेही मोठ्यांनी पाहावे.

रक्तदान शिबिर हे एककाचे आवडते काम. पण दात्याचे वय किमान १८, वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असावे लागते. बारावी होऊन आलेल्या अनेकांना पहिल्या सत्रात अठरावे वर्ष पूर्ण झालेले नसते. त्यांना ‘दहा दाते आणा’ असे लक्ष्य देणे चूक. त्यांना नोंदणीचे आणि अल्पोपाहाराचे टेबल द्यावे, ‘उपाशीपोटी आलात का?’ हा प्रश्न रांगेतच विचारायला सांगावे आणि रक्त दिलेल्याला दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवण्याची जबाबदारी सोपवावी. चक्कर येते ती उठून लगेच निघणाऱ्याला.

याच वयोगटासाठी मतदार नोंदणी हे अगदी चपखल काम आहे. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (अठरा पूर्ण झाले की नाही हे ज्या तारखेला पाहतात त्या) असून सतरा पूर्ण झालेल्यांना नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, आगाऊ भरता येतो. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आणि आधारवर दुसरे, इथेच अर्ज अडतात. उपप्रमुखाने आपल्या दहा जणांचे कागद आधी ताडून पाहिले तरी बरेच काम होते.

विसर्जनाच्या दिवशी नव्या मुलांना पाण्यापासून लांब, निर्माल्याच्या टेबलावर ठेवावे. पाण्यात उतरणे हे जीवरक्षकांचे काम. दोरे, प्लास्टिक, कापूर-अगरबत्तीची पाकिटे एका पोत्यात, फुले-पत्री दुसऱ्यात. हे घेतानाच वेगळे केले नाही तर खतासाठी दिलेले निर्माल्य परत येते. हातमोजे रबरी हवेत, पातळ प्लास्टिकचे पहिल्या हारालाच फाटतात. पाळी तीन तासांपेक्षा मोठी नको. अनंत चतुर्दशीच्या रात्री प्रथम वर्षाला बोलावूच नये.

शिबिराबाबत एकच सांगतो, कारण तिथे सर्वाधिक श्रम वाया जातात. वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळूच्या पोत्यांचा ओढ्यावरचा तात्पुरता बांध, घालायचा तर पावसाळा संपताच, ओढ्याला धार असताना घालावा. डिसेंबर-जानेवारीत शिबिर भरते तेव्हा बऱ्याच ठिकाणी ओढा आटलेला असतो आणि मग फोटोपुरता बंधारा उभा राहतो. सिमेंटची रिकामी पोती दोन तृतीयांशच भरावीत. गच्च भरलेले पोते गोल होते, शेजारच्या पोत्याला बिलगत नाही आणि फटीतून पाणी निघून जाते. तळातले गोटे-वाळू काढून पहिला थर बसवावा, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत. भरलेले पोते तीस-चाळीस किलोंच्या घरात जाते, म्हणून नव्या मुलांनी ते दोघांनी मिळून उचलावे. पहिल्या दिवशी एकट्याने मर्दुमकी दाखवणारा दुसऱ्या दिवशी चटईवरच असतो. आणि शिबिर हिवाळ्यातच घ्यावे लागत असेल तर बंधाऱ्याचा हट्ट सोडून घरांचे सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे घ्यावेत: एक मीटर लांब, रुंद, खोल, तळाला मोठे दगड, वर बारीक, तोंडाशी भोके पाडलेले मडके. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते, तिथे खड्डा मोठा हवा. मडक्यातला गाळ कोण काढणार हे घरमालकाशी ठरल्याशिवाय खणायला सुरुवात करू नये.

विद्यापीठांच्या ‘रासेयो’ कक्षांकडे आमची मागणी एवढीच की, एककाचे मूल्यमापन करताना उपक्रमांची आणि फोटोंची संख्या न मोजता, जुलैत नोंदलेले प्रथम वर्षाचे किती स्वयंसेवक मार्चमध्ये टिकले हा आकडा आधी मागावा. नवे गटप्रमुखही जूनमध्ये न निवडता फेब्रुवारीतच निवडावेत, म्हणजे जुन्यांची परीक्षा सुरू होण्याआधी दोन-तीन उपक्रम त्यांना बरोबरीने करता येतील आणि हजेरीवही, अवजारांची यादी, गावातले फोन क्रमांक हातोहात मिळतील.

आपले,
‘रासेयो’चे काही आजी-माजी विद्यार्थी प्रतिनिधी व कार्यक्रम अधिकारी